भाजी-फळे आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग : हिशेबातल्या या चुका टाळा

भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्याला मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग होत नाही, अशी समजूत अनेक घरांत पक्की झालेली आहे. संशोधन मात्र याहून बरेच सावधपणे बोलते. अमेरिकेत ज्यांच्या आतड्यातील गाठी, म्हणजे पॉलिप, काढून टाकल्या होत्या अशा सुमारे 2,000 जणांचा एक प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्यांना चरबी कमी आणि तंतू, भाज्या व फळे जास्त असा आहार दिला होता, तरीही चार वर्षांत नव्या गाठी दोन्ही गटांत जवळजवळ सारख्याच आढळल्या. अर्थात चार वर्षांचा काळ या रोगासाठी थोडाच आहे, कारण गाठीचे कर्करोगात रूपांतर व्हायला बहुधा दहा वर्षांच्या आसपास लागतात. त्यामुळे आहाराचा उपयोग नाही असा निष्कर्ष काढणे ही उलट्या बाजूची चूक ठरेल.

अनेक पाहणी-अभ्यासांचे 2011 मधील एकत्रित विश्लेषण अधिक उपयोगाचे आहे. जे अगदीच कमी भाज्या-फळे खातात त्यांचा धोका जास्त असतो आणि दिवसाला पहिल्या 100 ग्रॅमपर्यंत वाढ झाली की धोक्यातील घट सर्वांत ठळक दिसते. त्यापुढे फरक बारीक होत जातो. म्हणजे आधीच दोन वेळा भाजी खाणाऱ्याने सकाळी दुधीचा रस सुरू करण्यापेक्षा, वडापाव आणि बिस्किटांवर दिवस काढणाऱ्याने एक वाटी भाजी खाणे जास्त मोलाचे आहे. शिवाय गाळलेल्या रसातून तंतू बहुतांशी चोथ्याबरोबर निघून जातात. आतड्यातील जिवाणू याच तंतूंपासून ब्युटिरेट नावाचे मेदाम्ल तयार करतात आणि ते आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे.

मोजणीतली चूक तर आपल्या भाषेतच दडलेली आहे. आपण बटाट्याच्या भाजीलाही ‘भाजी’च म्हणतो, पण जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला किमान 400 ग्रॅम भाज्या-फळे सांगितली आहेत, त्यांत बटाटा, रताळे यांसारखे पिष्टमय कंद धरलेले नाहीत. उपासाच्या दिवशी साबुदाणा आणि बटाटा खाऊन ‘आज शाकाहार झाला’ असे म्हणता येईल, भाज्यांचा हिशेब मात्र शून्यच राहतो. चौघांच्या घरात एका वेळी पाव किलो भेंडी केली तर माणशी जेमतेम साठ ग्रॅम येते, हेही एकदा तराजूवर पाहावे.

केवळ भाज्यांवर लक्ष ठेवून बाकीचे ताट विसरणे ही आणखी एक चूक. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मूल्यमापनात अख्खी धान्ये आणि तंतू यांच्या संरक्षक परिणामाचा पुरावा भाज्या-फळांच्या पुराव्यापेक्षा भक्कम ठरला आहे, त्यामुळे ज्वारी-बाजरीची भाकरी आणि मैद्याचा पाव यांतली निवड गौण नाही. मद्य, पोटावरची चरबी आणि प्रक्रिया केलेले मांस यांमुळे वाढणारा धोका कोशिंबिरीने पुसला जात नाही.

सर्वांत महाग पडणारी चूक आहाराची नाहीच. शौचावाटे रक्त दिसले की ‘मूळव्याध असेल’ असे ठरवून इसबगोल आणि पालेभाजीवर महिनोन्‌महिने काढले जातात. नव्याने बदललेली शौचाची सवय, कारण न सापडणारे वजन घटणे आणि विशेषतः पन्नाशीनंतरच्या पुरुषातील लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया यांसाठी डॉक्टरांकडे जायलाच हवे. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा कर्करोग साठीच्या आत झाला असेल, तर चाळिशीत किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची आतून तपासणी, करावी, असा सर्वसाधारण सल्ला आहे.

या तपासणीच्या वेळीच भाजीप्रेमी मंडळी पुन्हा अडचणीत येतात. आधीचे दोन-तीन दिवस पालेभाज्या, सालीसकट फळे आणि पेरू-टोमॅटोसारखे बियांचे पदार्थ बंद करायला सांगितलेले असते. ‘पौष्टिकच आहे’ म्हणून ते चालू ठेवले, तर आतडे नीट साफ होत नाही, लहान गाठ नजरेआड होऊ शकते आणि कधी कधी सगळी तपासणी पुन्हा करावी लागते.