सीबी-२, अल्झायमर आणि मुंबईहून आलेली बाटली: या चुका टाळा

गणपतीला गावी येणारे चाकरमानी हल्ली म्हाताऱ्यांसाठी बामच्या डबीबरोबर एक छोटी बाटलीही आणतात. ड्रॉपरची, वर हिरव्या पानाचं चित्र. सोबत मोबाइलवर वाचलेलं ज्ञान: अल्झायमरमध्ये मेंदूतले गांजाचे रिसेप्टर (पेशींवरची, ठरावीक रेणूंनाच उघडणारी कुलपं) वाढतात, म्हणून हे गांजाच्या झाडाचं तेल. मालवणात औषधांच्या दुकानात बसतो, त्यामुळे ही बाटली मला ओळखीची आहे. तिच्यापायी मीही एकदा फसलोय, ते पुढे येईलच.

पहिली चूक नावातच आहे. हे रिसेप्टर गांजासाठी बसवलेले नाहीत. गांजातला नशेचा घटक टीएचसी १९६४ साली वेगळा काढला गेला, तो ज्यावर काम करतो तो सीबी-१ रिसेप्टर १९९० मध्ये हाती लागला आणि सीबी-२ १९९३ मध्ये. मधल्या काळात, १९९२ साली, शरीर स्वतःच बनवतं असा एक रेणू सापडला. आपल्याच ‘आनंद’ शब्दावरून त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड. कुलूप घरचं, किल्लीही घरचीच; गांजाची किल्ली त्यात योगायोगाने बसते.

दोन्ही रिसेप्टर एकाच मापाने मोजणं ही त्याहून मोठी चूक. सीबी-१ चेतापेशींच्या टोकांवर असतो आणि संदेश पाठवणाऱ्या पेशीला ‘जरा दमानं’ म्हणतो. हिप्पोकॅम्पस या भागात तो भरपूर आहे. ताज्या आठवणी तिथेच बांधल्या जातात आणि अल्झायमरचा घाव सुरुवातीलाच तिथे बसतो. आमचे तात्या पडवीत बसून जाळं विणायचे. बोटं एकही गाठ चुकत नसत, कारण हातांची सवय मेंदूच्या दुसऱ्या भागांत राहते. पण चहा घेऊन मी समोर गेलो की विचारायचे, “हो कोणाचो रे?” अशा माणसाच्या सीबी-१ वर टीएचसी ओतणं म्हणजे आधीच लंगडणाऱ्या आठवणीला आणखी एक टोला.

सीबी-२ ची गोष्ट वेगळी. तो मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर असतो; मेंदूत त्या पेशी म्हणजे मायक्रोग्लिया. अल्झायमरने गेलेल्या रुग्णांच्या मेंदूत अमायलॉइड या प्रथिनाच्या गाठींभोवती जमलेल्या मायक्रोग्लियांवर सीबी-२ जास्त आढळला. सीबी-१ बाबत मात्र कुणाला तो घटलेला दिसला, कुणाला जसाच्या तसा. इथे लोक घाई करतात. मार्चमध्ये काजूच्या बागेला वणवा लागला की आजूबाजूची माणसं फांद्या घेऊन धावतात. त्या गर्दीने आग लावली असं कुणी म्हणत नाही, आणि गर्दी जमली म्हणजे आग विझली असंही नाही. वाढलेला सीबी-२ ही तशी गर्दी आहे. उंदरांमध्ये त्याला चालना देणाऱ्या औषधांनी दाह कमी झाला, हे खरं आणि आशेचंही. पण तिथून थेट आजीच्या जिभेखाली उडी मारता येत नाही.

माणसांवरच्या चाचण्या छोट्या आहेत. २०१५ मध्ये नेदरलँड्समध्ये ५० स्मृतिभ्रंश रुग्णांपैकी काहींना दीड मिलिग्रॅम टीएचसी दिवसातून तीनदा, तीन आठवडे दिलं, बाकीच्यांना नकली गोळी. चिडचिड आणि अस्वस्थतेत नकली गोळीपेक्षा फरक दिसला नाही. कॅनडात २०१९ मध्ये ३९ रुग्णांवर नॅबिलोन या कृत्रिम औषधाने अस्वस्थता कमी झाली, पण गुंगी वाढली. आठवण परत आणल्याचा दावा दोन्हीकडे नाही.

आता माझी चूक. तात्यांच्या उशाशी बाटली दिसली. हेम्पच्या, म्हणजे नशा न देणाऱ्या गांजाच्या जातीच्या, बियांचं तेल असेल, त्यात सीबीडी (गांजातला नशा न आणणारा घटक) जवळपास नसतंच, असं म्हणून मी लेबल न वाचताच सोडून दिलं. निघालं सीबीडीचं तेल. गंमत म्हणजे सीबीडी या दोन्ही रिसेप्टरांना धड चिकटतही नाही. यकृतात मात्र ते वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाला पचवणाऱ्या एन्झाइमला अडवतं, आणि तात्या हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी वॉरफरिनच घेत होते. दहा-बारा दिवसांनी चूळ भरताना हिरड्यांतून रक्त आलं. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, ५ च्या वर; रक्त फारच पातळ झालेलं. दुकानात बसणाऱ्या माणसाला हे शोभत नाही.

तुमच्याकडे असं तेल आधीच सुरू असेल आणि माणूस जास्त झोपाळू झाला, तोल जाऊ लागला किंवा भास व्हायला लागले, तर तेल थांबवा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाजून ‘काही नाही दिलं’ म्हणू नका. एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला तर तो अल्झायमर पुढे गेल्याचं धरून बसू नका: लघवीचा संसर्ग, घटलेलं सोडियम, सर्दीची किंवा झोपेची नवी गोळी, कधीतरी पडून डोक्याला लागलेला मार, यातलं काहीही असू शकतं. विसरभोळेपणाची सुरुवातच असेल तर बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या, ऐकू नीट येतं का तेही.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घाला आणि ती बाटलीही. नुसता फोटो नेणार असाल तर मागच्या बाजूचाही काढा. सीबीडी-टीएचसीचं प्रमाण तिथेच बारीक अक्षरात छापलेलं असतं.