जॅक्सन खून खटल्यातील अनुत्तरित प्रश्न कसे अभ्यासावेत

नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी, मंगळवारी रात्री, किर्लोस्कर नाटक मंडळींचा ‘शारदा’चा प्रयोग पाहण्यास आलेले जिल्हाधिकारी आर्थर जॅक्सन यांच्यावर अनंत लक्ष्मण कान्हेरे या तरुणाने गोळ्या झाडल्या आणि तो तेथेच पकडला गेला. त्यामुळे गोळ्या कोणी झाडल्या याविषयी कधी वाद झाला नाही. निर्णय कोणी घेतला, का घेतला आणि लंडनपर्यंतचा धागा नेमका किती घट्ट होता, हे प्रश्न मात्र शंभर वर्षांनंतरही चर्चेत आहेत. या प्रश्नांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने कामाला कसे लागावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

प्रथम एक फुलस्केप कागद आडवा घ्यावा आणि त्यावर तीन रकाने आखावेत: तारीख, घटना आणि ती कोणाच्या तोंडून आली. तिसरा रकाना भरायचा कंटाळा येतो. पण पुढे सारे काम त्याच्यावरच चालते, म्हणून तो रिकामा ठेवून पुढे जाऊ नये.

या कागदाचा उपयोग लगेच दिसतो. विनायक सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव यांना राजद्रोही कवितांबद्दल झालेल्या शिक्षेचा सूड म्हणून लंडनहून पिस्तुले पाठवली गेली, असे नाशिकात अनेकदा ऐकायला मिळते. तारखा मांडून पाहाव्यात. विनायक सावरकरांनी पाठवलेली २० ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन याच्या सामानातून मार्च १९०९ मध्ये मुंबईस पोहोचली. बाबारावांना अटक झाली तेव्हा ती पेटी अजून समुद्रावर होती, आणि त्यांना जन्मठेप झाली ती जूनमध्ये. म्हणजे पिस्तुले पाठवण्याचे कारण ही शिक्षा असूच शकत नाही. ती शिक्षा पिस्तूल वापरण्याचे कारण ठरली का, हा निराळा प्रश्न आहे आणि तो निराळाच लिहावा. उच्च न्यायालयाने बाबारावांची शिक्षा नोव्हेंबर १९०९ मध्ये कायम केली व पुढच्याच महिन्यात खून झाला, ही नोंद त्या दुसऱ्या प्रश्नाखाली जाते.

दुसरी तपासणी अधिकाराची. ‘जॅक्सनने बाबारावांना काळ्या पाण्यावर धाडले’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. जिल्हाधिकारी हा जिल्हा दंडाधिकारीही असे. तो खटला उभा राहू देऊ शकत होता, सत्र न्यायालयाकडे पाठवू शकत होता, पण जन्मठेप देणे त्याच्या हातात नव्हते. ती शिक्षा सत्र न्यायालयाची होती. लोकांच्या मनात राग कोणावर धरला गेला आणि कागदोपत्री निर्णय कोणाचा होता, या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. त्या एकाच रकान्यात मात्र कोंबू नयेत.

यानंतर सर्वात जास्त वेळ जबाबांना द्यावा. पोलिसांपुढे दिलेली कबुली १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमाने आरोपीविरुद्ध वापरता येत नसे, दंडाधिकाऱ्यापुढे नोंदवलेली वापरता येई. म्हणून कबुलीजबाब वाचताना तो कोणापुढे व अटकेनंतर किती दिवसांनी नोंदला गेला, हे आधी पाहावे. माफीच्या साक्षीदाराचे प्रकरण त्याहून अवघड आहे. त्याच कायद्याचे १३३ वे कलम म्हणत असे की साथीदाराच्या केवळ साक्षीवर दिलेली शिक्षा बेकायदा ठरत नाही, तर ११४ व्या कलमातील उदाहरण सांगत असे की महत्त्वाच्या तपशिलांना दुजोरा मिळाल्याशिवाय साथीदार विश्वासास पात्र नाही, असे न्यायालयाने गृहीत धरावयास हरकत नाही. पिस्तुले आणणारा चतुर्भुज अमीन पुढे माफीचा साक्षीदार झाला, हे लक्षात ठेवूनच त्याचे प्रत्येक वाक्य वाचावे. सापडलेल्या वस्तूने जे सिद्ध होते त्याखाली पेनाने रेघ ओढावी, आणि केवळ त्याच्या शब्दावर उभे आहे त्याखाली पेन्सिलीने. हा भेद केल्यावर पानेच्या पाने पेन्सिलीची निघतात, असा माझा अनुभव आहे.

निकालपत्र सर्वात शेवटी वाचावे. आधी वाचले की पुढचे सारे त्याच्याच नजरेने दिसू लागते. हे खटले १९०८ च्या कायद्यानुसार तीन न्यायाधीशांच्या विशेष न्यायासनापुढे, ज्यूरीविना चालले. कान्हेरे, नाशिकच्या गुप्त क्रांतिकारी गटाचे प्रमुख कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. कर्वे आणि देशपांडे यांनी गोळी झाडलेली नव्हती. विनायक सावरकरांना खुनास साहाय्य केल्याबद्दलची दुसरी जन्मठेप जानेवारी १९११ मध्ये झाली, आणि खुनाच्या दिवशी ते भारतात नव्हते. शस्त्र पुरवणे आणि विशिष्ट माणूस मारण्याचे ठरवणे यांतील अंतर न्यायासनाने कोणत्या पुराव्याने भरून काढले, तो परिच्छेद शोधून हाताने उतरवून घ्यावा.

स्वातंत्र्यानंतरच्या आठवणींविषयी थोडक्यात सांगायचे तर त्या नावांसाठी उपयोगी आणि तारखांसाठी धोक्याच्या आहेत. आमच्या नाशिकात जुन्या वाड्यांतून पिस्तूल लपवल्याच्या इतक्या कथा ऐकायला मिळतात की त्या साऱ्या खऱ्या मानल्या तर २० पिस्तुले पुरायची नाहीत.

शेवटी प्रश्न लिहावेत. ‘खरा सूत्रधार कोण?’ असा प्रश्न लिहिला की उत्तर आपल्या आवडीचेच येते. जॅक्सन यांची नाशिकहून बदली झाली होती आणि ते लवकरच जाणार होते. म्हणून प्रश्न असा लिहावा: ही बातमी कर्वे यांच्या गटाला कोणत्या दिवशी व कोणाकडून कळली, आणि त्या दिवशी पिस्तूल कोणाच्या घरी होते?