सीताफळाला फुलं झाडभर, फळं चारच? मृग लागलाय, हातात ब्रश घ्या

"अहो, फुलं झाडभर येतात आणि आठवड्याभरात खाली सडा पडतो. मागच्या वर्षी मोजून चार फळं. वांझ झाड ठेवून करायचं काय? तोडून टाकू का?"

शेजारच्या काकूंचा प्रश्न. झाड सहा वर्षांचं, बी पडून उगवलेलं, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेलं, पानं हिरवीगार. मी एक फूल तोडलं, तळहातावर घेऊन पाकळ्या बाजूला केल्या आणि आत काय चाललंय ते त्यांना दाखवलं. त्यानंतर तोडायचा विषय निघाला नाही. तेच इथे लिहितो, कारण सीताफळाला हाताने परागीकरण करायचे दिवस हेच आहेत, मृगाच्या पहिल्या पावसापासून पुढचे तीन-चार आठवडे.

सीताफळाचं फूल हिरवट पिवळं असतं, तीन जाडसर पाकळ्यांचं, खाली तोंड करून लटकलेलं. पाकळ्या अलग केल्या की आत छोटा शंकू दिसतो. शंकूचा टोकाकडचा भाग स्त्रीकेसरांचा आणि त्याच्या बुडाशी गोल पसरलेली पुंकेसरांची दाट गर्दी. नर-मादी दोन्ही एकाच फुलात असूनही फळ का धरत नाही? कारण दोघांची वेळ जुळत नाही. फूल आधी मादी असतं आणि नंतर नर होतं.

पाकळ्यांची टोकं जेमतेम सुटलेली असतात, फटीत आगकाडी शिरेल इतकीच जागा असते, तेव्हा आतली कुक्षी, म्हणजे स्त्रीकेसराचं पराग धरणारं टोक, ओलसर आणि चकचकीत असते. ही मादी अवस्था. पुढे पाकळ्या चांगल्या फाकतात, पुंकेसर सुटे होऊन मलईच्या रंगाचे दिसतात, बोट लावलं की झडतात आणि पिवळसर भुकटी सांडते. ही नर अवस्था. तोवर त्याच फुलाची कुक्षी सुकलेली असते. म्हणजे फुलाला स्वतःचा पराग स्वतःच्या कामी येत नाही. दुसऱ्या फुलाचा मात्र चालतो, आणि ते फूल त्याच झाडावरचं असलं तरी हरकत नाही. घरी एकच झाड आहे म्हणून फळ धरत नाही, हा समज सोडून द्या.

निसर्गात हे काम टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी भुंगेरे करतात. मधमाशीला या फुलात फारसा रस नाही. हे भुंगेरे कुजत्या पालापाचोळ्यात, सडक्या फळांत वाढतात. झाडाखालचं अंगण रोज झाडून लखलखीत ठेवलं, त्यात फुलोऱ्यात कीटकनाशक मारलं, की ते दिसेनासे होतात. म्हणून सध्या बुंध्याभोवती पाचोळ्याचं आच्छादन राहू द्या आणि फुलं असेपर्यंत फवारणीचा पंप बाहेर काढू नका.

दुसरी गोष्ट हवेची. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात कुक्षी काही तासांत वाळते, त्यामुळे तेव्हाची फुलं गळणारच. त्यांच्यासाठी जीव आटवू नका आणि दुकानातून फूलगळ थांबवायचं टॉनिकही आणू नका. पराग न मिळालेलं फूल कुठल्याच बाटलीने थांबत नाही. पावसाने हवेत ओल आली की कुक्षी जास्त वेळ ताजी राहते, आणि तेव्हा केलेली मेहनत फळाला येते.

आता प्रत्यक्ष काम. संध्याकाळी चार-पाचच्या सुमाराला झाडाभोवती फिरून पाकळ्या फाकू लागलेली, टपोरी दहा-पंधरा फुलं खुडा. ती कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रावर पसरून घरात सावलीत ठेवा. पहाटेपर्यंत पुंकेसर फुटतात. सकाळी फुलं बशीवर झटकली की पराग आणि झडलेले पुंकेसर खाली पडतात. ते चहाच्या गाळणीतून गाळले तर उत्तम, नाही गाळले तरी काम होतं.

इथे एक चूक सांगतो, कारण बहुतेकांकडून ती होते. पहिल्या वर्षी मी फुलं झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत ठेवली होती. सकाळी डबीला आतून घाम सुटलेला आणि परागाचा लगदा झालेला. तरी तोच लावला. तीस फुलांना ब्रश फिरवला आणि दोन फळं धरली. परागाला ओल सोसत नाही, आणि तो उद्यासाठी जपून ठेवण्यासारखाही नसतो. त्याच सकाळी वापरून संपवायचा.

साधारण सहा ते आठ ही लावायची वेळ. मुलांच्या रंगपेटीतला बारीक, मऊ ब्रश पुरतो. आगकाडीएवढी फट पडलेलं फूल दोन बोटांत हलक्या हाताने धरा, ब्रशला पराग घ्या आणि पाकळ्यांमधून आत घालून शंकूभोवती पूर्ण गोल फिरवा. ब्रश जात नसेल तर एक पाकळी खुडली तरी चालते. घाई करून एकाच बाजूला ब्रश टेकवून पुढे जाऊ नका. सीताफळ म्हणजे खरं तर एकमेकांना चिकटून वाढलेल्या पुष्कळ छोट्या फळांचा गोळा. प्रत्येक डोळ्यामागे एक स्त्रीकेसर असतो. ज्या बाजूला पराग पोचला नाही तिथले डोळे खुरटतात आणि फळ त्या बाजूला वाकडं होतं. बाजारात एका अंगाने चपटं फळ दिसलं की ओळखावं, त्या फुलाला पराग अर्धाच मिळाला होता.

कुठली फुलं निवडायची यालाही महत्त्व आहे. जाड फांदीवरची, खोडाजवळची, आतल्या सावलीतली फुलं घ्या. शेंड्याच्या बारीक काडीवर फळ धरलं तर पोसत नाही, फांदी मात्र वाकते. पाच-सहा वर्षांच्या घरच्या झाडाला तीस-चाळीस फळं पुष्कळ झाली. लोभाने शंभर फुलांना ब्रश लावला की सगळी लिंबाएवढी राहतात. पाऊस चालू असेल तर थांबा, उघडीप मिळालेल्या सकाळी करा. कोकणात आणि घाटमाथ्यावर झड लागली की हे काम जवळजवळ अशक्य होतं, तिथे पहिल्या उघडिपीची वाट बघण्यावाचून इलाज नाही. देठाला रंगीत दोरा बांधून तारीख लिहून ठेवा. लागलेलं फूल पाकळ्या गाळतं, पण मधली हिरवी गाठ टिकते आणि देठ जाड होऊ लागतो. न लागलेलं देठासकट गळून पडतं. तारखेपासून सुमारे चार महिने धरले तर जूनअखेरचं फळ दिवाळीच्या आसपास हाताशी येतं. तोवर पाणी एकसारखं द्या. आठ दिवस ताण आणि मग एकदम भरपूर पाणी, असं झालं की फळं तडकतात.

पिठ्या ढेकणाबद्दल, म्हणजे झाडाला चिकटणाऱ्या पांढऱ्या पिठासारख्या किडीबद्दल, थोडक्यात. तो मुंग्यांच्या आधाराने वाढतो, म्हणून मुंग्यांची वाट अडवा. बुंध्याला वीतभर रुंद प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळून त्यावर ग्रीस लावा. सालीवर थेट ग्रीस नको.

बी पडून उगवलेल्या झाडाचं फळ नशिबावर असतं, म्हणून ज्यांना चांगला वाण घरी हवा त्यांनी कलमाची तयारीही आत्ताच करावी. कलम बांधायला आधी बियांचं रोप लागतं. गेल्या दिवाळीच्या बिया जपून ठेवल्या असतील तर दिवसभर पाण्यात भिजवून पिशवीत लावा. उगवायला महिना सहज लागतो, तोवर उकरून बघू नका. याच बियांबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. उवांसाठी त्यांची पूड डोक्याला लावायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, दवाखाना गाठावा लागतो. लहान मुलांच्या डोक्याला ती अजिबात लावू नका.

रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की तो तुमचा खुंट. काहींचा फेब्रुवारीपर्यंत तयार होतो, काहींना आणखी एक वर्ष लागतं. बारीक खुंटावर घाईने कलम करण्यापेक्षा वर्षभर थांबलेलं बरं. कलमाचा काळ फेब्रुवारी-मार्च, झाड पानगळीतून उठायच्या बेतात असतं तेव्हाचा. सीताफळाच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, पानाच्या देठाच्या बुडाखाली झाकलेला असतो. म्हणून काडी घ्यायच्या आठ-दहा दिवस आधी निवडलेल्या फांदीची पानं कापा, देठ तेवढे राहू द्या. देठ आपोआप गळून खालचे डोळे फुगलेले दिसले की काडी तयार झाली. तीन-चार डोळ्यांची, बोटभर लांब काडी घ्या, खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करा, खुंटाचा शेंडा उडवून मधोमध तेवढीच चीर द्या आणि पाचर आत बसवा. जाडी सारखी नसेल तर निदान एका बाजूची साल सालीला जुळली पाहिजे. मग प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर ताणून बांधा आणि वरून पेप्सीची रिकामी नळी टोपीसारखी घाला. ब्लेड नवं असू द्या. चाकू दोनदा फिरवून केलेला खडबडीत काप जुळत नाही.

काडी कुठली? कोरडवाहू भागात बाळानगर आणि राहुरी कृषी विद्यापीठाचा फुले पुरंदर हे भरवशाचे, मराठवाड्यात धारूर-6. बालाघाटच्या डोंगरातल्या सीताफळाची गोडी वेगळीच, बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का सहन कमी बियांचा आणि फार गोड, पण तो लावणार असाल तर हाताने परागीकरण करावंच लागतं आणि परागासाठी शेजारी बाळानगरचं झाड हवं.

अमेरिकेत राहणारे नातेवाईक कधीकधी पॉपॉच्या झाडाबद्दल विचारतात. हे पॉपॉ म्हणजे पपई नव्हे. ते सीताफळाच्याच कुळातलं, थंडीत पानं गाळणारं झाड. त्याचं फूल गडद तपकिरी-लाल, आणि तेही आधी मादी, मग नर. ब्रशची रीत हीच, फरक दोन. तिथे पराग वेगळ्या रोपाचा लागतो, त्यामुळे दोन वेगवेगळ्या वाणांची झाडं जवळ हवीत, एकाच वाणाची दोन कलमं चालत नाहीत. आणि बी वाळू द्यायचं नाही. ओलसर शेवाळात गुंडाळून तीन-चार महिने फ्रिजमध्ये ठेवायचं, तेव्हाच ते उगवतं.

कलम केल्यावर पंधरा-वीस दिवसांत नळीच्या आत हिरवे कोंब दिसतात. नळी भर उन्हात काढू नका, संध्याकाळी काढा. बांधलेली पट्टी मात्र जोड पक्का होईपर्यंत, साधारण दोन-अडीच महिने, तशीच ठेवा. जोडाच्या खालून खुंटाचे फुटवे येत राहतील, ते दर आठवड्याला नखाने खुडा. पहिल्या वर्षी कलमाला फूल आलं तर तेही काढून टाका, कितीही जिवावर आलं तरी.