मुलांकडे राहायला आलात? आधी गावातलं सीनियर सेंटर गाठा

ग्रीन कार्ड घेऊन अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला आलं, की पहिले दोन-तीन आठवडे झोपेची घडी बसवण्यात, बँकेत आणि सोशल सिक्युरिटीच्या कार्डात निघून जातात. खरी पंचाईत त्यानंतर सुरू होते. सकाळी आठ वाजता घर रिकामं होतं, रस्त्यावर चालणारं माणूस दिसत नाही आणि कोपऱ्यापर्यंत जायचं तरी गाडी चालवणारं कोणी लागतं. यावर सीनियर सेंटर हा हाताशी असलेला आणि सगळ्यांत स्वस्त उपाय. नाव ऐकून अनेकांना वृद्धाश्रम वाटतो, पण तिथे कोणी राहत नाही. आपल्याकडचा ज्येष्ठ नागरिक संघ, व्यायामशाळा, खानावळ आणि सेतू कार्यालय एका छपराखाली आणलं तर जे होईल, ते म्हणजे सीनियर सेंटर.

अशी केंद्रं इथे १९४३ पासून आहेत. पहिलं न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात निघालं. आज त्यांच्यामागे मुख्यतः १९६५ चा 'ओल्डर अमेरिकन्स ॲक्ट' आहे. हा कायदा थोडा समजून घ्या, म्हणजे सेंटरमधले नियम विचित्र वाटत नाहीत. त्याखालच्या सेवांसाठी वय ६० पूर्ण लागतं. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. पैसे मागतात ते देणगी म्हणून, आणि देणगी दिली नाही म्हणून जेवण नाकारता येत नाही. इमारत आणि वर्ग मात्र बहुधा शहराच्या खर्चाने चालतात, त्यामुळे सभासद होण्याचं वय काही गावांत ५० किंवा ५५ असतं आणि गावाबाहेरच्यांना जास्त फी पडते. न्यू यॉर्क शहरात याच केंद्रांना आता 'ओल्डर ॲडल्ट सेंटर' म्हणतात, तेव्हा शोधताना दोन्ही नावं टाकून बघा. सापडलं नाही तर २११ वर किंवा एल्डरकेअर लोकेटरच्या १-८००-६७७-१११६ या क्रमांकावर फोन करून आपला झिप कोड सांगायचा.

एक गल्लत आधीच टाळा. न्यू जर्सीत एडिसन-इसेलिनच्या बाजूला आपली माणसं 'मी रोज सीनियर सेंटरला जाते, व्हॅन घरी येते, गुजराती जेवण मिळतं' असं सांगतात. ते बहुतेक वेळा सीनियर सेंटर नसून 'मेडिकल ॲडल्ट डे केअर' असतं. तिथे नर्स असते, डॉक्टरांचा कागद लागतो आणि खर्च मुख्यतः मेडिकेडमधून, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्यातून, भागतो. ज्यांना मेडिकेड मिळतं आणि ज्यांना औषधं घेण्यात, उठण्या-बसण्यात मदत लागते, त्यांच्यासाठी ती सोय आहे. नव्या ग्रीन कार्डवाल्यांना मेडिकेड सहसा पहिली पाच वर्षं मिळत नाही. तेव्हा कोणी 'मी तुमचं सगळं करून देतो, इथे फक्त सही करा' म्हणाला, तर सही करू नका.

नाव नोंदवायला जाताना ग्रीन कार्ड किंवा पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, औषधांची यादी आणि दोन फोन नंबर बरोबर ठेवा. पत्त्याचा पुरावा इथे अडतो, कारण वीजबिल मुलाच्या नावावर असतं. बँकेचं स्टेटमेंट तुमच्या नावाने या पत्त्यावर येऊ द्या किंवा राज्याचं ओळखपत्र काढून घ्या; गाडी चालवत नसलात तरी ते मिळतं आणि पुढे शंभर ठिकाणी लागतं. नाव सगळीकडे ग्रीन कार्डावर आहे तसंच लिहा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकीकडे मधलं नाव म्हणून आणि दुसरीकडे पहिल्या नावाला जोडून लिहिलं, तर त्यांच्या यादीत तुम्ही दोन माणसं होता.

फॉर्ममधले काही प्रश्न वाचून राग येतो. 'तुम्ही बहुतेक वेळा एकटे जेवता का?', 'अन्न विकत घ्यायला पैसे पुरतात का?', 'आंघोळ स्वतः करता येते का?' हे सगळ्यांना विचारतात. आहारावरच्या प्रश्नावलीत दहा प्रश्न असतात आणि प्रत्येक 'हो'ला गुण. सहा किंवा जास्त गुण आले, की तुम्ही जोखमीच्या गटात. 'आमचं सगळं उत्तम चाललंय' असं घरंदाजपणे लिहून टाकू नका. दिवसभर एकटे जेवत असाल तर तसंच लिहा. पुढे घरी मदतनीस किंवा डबा हवा असेल, तेव्हा हीच नोंद काढून बघतात.

दुपारचं जेवण

सेंटरची ओळख जेवणाच्या टेबलावर होते, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. जेवण लवकर असतं, साडेअकरा ते बाराच्या सुमारास. बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवशी दुपारपर्यंत, काही ठिकाणी दोन-तीन दिवस आधी नाव द्यावं लागतं. आयत्या वेळी गेलात तर कोणाची जागा रिकामी राहिली तरच ताट मिळतं. नाव देऊन न जाणं हा इथे मोठा अपराध, कारण ताटं मोजून येतात. जाता येत नसेल तर फोन करून कळवा. साठीच्या आतली बायको किंवा नवरा बरोबर जेवू शकतो. जोडीदार साठीच्या पुढे असला की पुरतं. तरुण मुलगा किंवा सून आली तर तिला पूर्ण किंमत मोजावी लागते. देणगीची रक्कम फलकावर लिहिलेली असते, ती पाकिटात घालून पेटीत टाकतात. कोणी किती टाकलं हे बघत नाहीत, पण जमत असेल तर टाकावी. त्यावरच पुढची ताटं चालतात.

शाकाहारी लोकांनी 'आय ॲम व्हेजिटेरियन' एवढ्यावर थांबू नये. इथे पुष्कळांच्या मते मासे त्यात बसतात, अंडं तर बसतंच. भाजीच्या सूपचं पाणी चिकनचं असू शकतं, राजम्याच्या भाजीत डुकराची चरबी असू शकते आणि थरथरणाऱ्या गोड पदार्थात जिलेटीन असतं. म्हणून वाक्य असं पाठ करा: 'नो मीट, नो चिकन, नो फिश, नो एग्ज, नो चिकन ब्रॉथ.' हे नोंदणीच्या वेळीच कागदावर लिहून द्या, कारण वाढणाऱ्या स्वयंसेवकाला स्वयंपाकघरात काय शिजलं ते ठाऊक नसतं. महिन्याचा मेनू आधी मिळतो. त्यावर आपल्या चालण्यासारखे दिवस खूण करून ठेवा आणि तेवढेच दिवस जा.

प्रत्येक ताटात दिवसाच्या पोषणाचा किमान एक तृतीयांश भाग असावा असा नियम आहे आणि मीठ बेताचं ठेवतात, त्यामुळे चव आपल्याला सपक लागते. स्वतःच्या ताटात बरोबर आणलेलं लोणचं घेतलं तर सहसा कोणी हरकत घेत नाही, शेजाऱ्याला वाटू मात्र नका. घरचे पदार्थ वाटायला बंदी असते, तिचं कारण ॲलर्जी. गरम जेवण डब्यात घालून घरी न्यायलाही बहुतेक सेंटरं नाही म्हणतात. तो कंजूषपणा नव्हे. शिजलेलं अन्न १३५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ५७ सेल्सिअसच्या वर ठेवण्याचा नियम आहे. तुमच्या पिशवीत ते तासाभरात निवतं आणि दोष सेंटरवर येतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण साडेअकराला आलं म्हणून डॉक्टरांना न विचारता वेळा बदलू नयेत.

व्यायाम आणि जाणं-येणं

खुर्चीवरचा योग आपल्या लोकांना पोरखेळ वाटतो. तरी पहिले दोन आठवडे तोच करा. गुडघ्याची हालत स्वतःला कळते. पडण्याची भीती असेल तर 'मॅटर ऑफ बॅलन्स' हा वर्ग विचारा: दोन-दोन तासांची आठ सत्रं. मधुमेह, रक्तदाब, सांधे यांच्यासाठी सहा आठवड्यांचा, दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग असतो. त्यात डॉक्टर नसतात. दुखणं घेऊन रोज जगायचं कसं, याची एकमेकांना मदत असते. इंग्रजी कच्चं असेल तर तिथे बोलणं अंगावर येतं. मग त्याआधी 'ताय-ची' हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम करा, त्यात फक्त बघून हात हलवायचे. काही सेंटरांत चाचणी घेतात: खुर्चीवरून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात, आणि तो कागद डॉक्टरांना नेऊन दाखवावा.

मुलांवर अवलंबून राहिलात तर सेंटर दोन आठवड्यांत सुटतं. म्हणून पहिल्याच भेटीत व्हॅनची चौकशी करा. व्हॅन येण्याची वेळ ठरलेली नसते, अर्ध्या तासाची खिडकी असते; दारात उभं राहावं लागतं आणि चालक दोन-चार मिनिटंच थांबतो. तुम्ही बाहेर नसलात की 'नो शो' अशी नोंद होते, आणि तशा नोंदी साठल्या की सेवा काही दिवस बंद. बस असेल तर ६५ च्या पुढे, गर्दीची वेळ सोडून, निम्म्या भाड्याची सवलत केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या सगळ्या बससेवांना द्यावीच लागते. मागितल्याशिवाय मिळत नाही. अपंगत्वामुळे बसने जाता येत नसेल तर पॅराट्रान्झिटचा, म्हणजे सांगून बोलवायच्या खास गाडीचा, अर्ज करा. ही गाडी बसमार्गापासून पाऊण मैलाच्या आत येते, आदल्या दिवशी सांगावं लागतं आणि भाडं नेहमीच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. अर्जावर २१ दिवसांत निर्णय झाला नाही, तर निर्णय होईपर्यंत सेवा द्यावी लागते.

कोपऱ्यातलं टेबल

बिंगो आणि सहली दिसतात, पण सेंटरमधलं सगळ्यांत मोलाचं माणूस कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत बसतं. पाटीवर सोशल वर्कर, केस मॅनेजर किंवा आउटरीच वर्कर असं काहीतरी लिहिलेलं असतं. अडचण यायच्या आधी त्यांची भेट घेऊन ठेवा. वॉकर किंवा कमोडची खुर्ची काही दिवसांसाठी उसनी हवी, आजारपणात घरपोच जेवण हवं, मृत्युपत्र किंवा वैद्यकीय निर्णयांचं अधिकारपत्र करायला विनाशुल्क वकील हवा, आजारी नवऱ्याला सांभाळणाऱ्या बायकोला चार तास सुटका हवी: या सगळ्याच्या वाटा तिथून निघतात. इंग्रजी जमत नसेल तर फोनवरचा दुभाषी मागा आणि 'मराठी' हा शब्द स्पष्ट सांगा, नाहीतर 'इंडियन' ऐकून हिंदी जोडून देतात. मुलाला दुभाषी म्हणून बसवलं की मुलाबद्दलची अडचण कशी सांगणार?

मेडिकेअरचं, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचं, गणित इथेच समजून घ्या. वय ६५ झालं म्हणून ती लगेच मिळत नाही. स्वतःची किंवा जोडीदाराची इथली नोकरी झालेली नसेल तर ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं राहावं लागतं, आणि मग हप्ता भरून ती घेता येते. मुलाने भरलेला सोशल सिक्युरिटी कर इथे उपयोगी पडत नाही. पार्ट ए (रुग्णालयाचा खर्च) महाग वाटला तर नुसता पार्ट बी (डॉक्टरांचा खर्च) घेता येतो. मुदत सात महिन्यांची: पात्र झालात तो महिना, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन. ती चुकली आणि दुसरा योग्य विमा नसेल, तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांमागे पार्ट बीचा हप्ता १० टक्के वाढतो आणि तो दंड पुढे कायम राहतो. पहिल्या पाच वर्षांसाठी मार्केटप्लेसमधला, म्हणजे आरोग्य विम्याच्या सरकारी बाजारातला, विमा बघा. राहायला आल्यापासून साधारण ६० दिवसांची खास मुदत असते, ती पहिल्याच गडबडीत निघून जाते. व्हिजिटर विम्यावर वर्षं काढणं धोक्याचं आहे, कारण जुन्या दुखण्यांचा खर्च तो बहुधा देत नाही.

हे सगळं विनाशुल्क समजावून सांगणारे समुपदेशक सेंटरमध्ये ठरलेल्या दिवशी बसतात. या सेवेला 'शिप' म्हणतात. कॅलिफोर्नियात 'हायकॅप', मॅसॅच्युसेट्स आणि फ्लोरिडात 'शाइन'. ते काही विकत नाहीत. हॉलमध्ये डोनट आणि पिशव्या वाटणारा हसतमुख माणूस वेगळा, तो विमा एजंट. मेडिकेअर कार्डाचा नंबर 'फुकट' पट्टा, बूट किंवा गालाच्या आतून घ्यायच्या जनुकीय चाचणीसाठी कोणालाही सांगू नये.

नागरिकत्वाच्या वर्गाला बसायचं असेल तर एक गैरसमज दूर करा. '५५ च्या पुढे इंग्रजी माफ' हे अर्धं वाक्य आहे. माफी मिळते ती ग्रीन कार्डावर १५ वर्षं काढल्यावर. वय ५० असेल तर २० वर्षं. बासष्टाव्या वर्षी आलेल्यांना पाच वर्षांनी अर्ज करायचा तर इंग्रजी लागणारच, वैद्यकीय कारणाने सूट मिळाली तरच वेगळं. २० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना नवी परीक्षा आहे: १२८ प्रश्नांतून २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. वर्गात जुनं, १०० प्रश्नांचं पुस्तक वाटत असतील तर विचारून घ्या.

फेब्रुवारी ते मध्य एप्रिल सेंटरमध्ये करपत्रकं विनाशुल्क भरून देतात. पण तुमचं भारतातलं पेन्शन, मुदत ठेवींचं व्याज हे इथे दाखवावं लागतं, आणि तिकडच्या खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर वेगळा अहवाल लागतो. म्युच्युअल फंड असतील तर प्रकरण स्वयंसेवकांच्या कक्षेबाहेर जातं. जाणकार सीए किंवा सीपीए (इथला सीए) गाठा.

चार-पाच मराठी घरं भेटली की दर आठवड्याला दोन तासांची खोली मागा. मागताना किती माणसं, खुर्च्या किती आणि शेवटी कोण आवरणार हे कागदावर लिहून द्या. कॅरम, गाणी, पत्ते याला अडचण येत नाही. पैसे लावून रमी मात्र चालणार नाही.

हिवाळ्यात भारतात जाणार असाल तर निघण्याआधी काउंटरवर तारखा सांगून जा. नाहीतर जेवणाच्या नोंदी 'नो शो'त जमा होतात, आणि रोज येणारी आजी अचानक दिसेनाशी झाली म्हणून सेंटर एखाद्या कर्मचाऱ्याला घरी चौकशीला पाठवतं. आणि परतीचं तिकीट सहा महिन्यांच्या आतलं काढा. त्याहून लांब मुक्काम झाला तर नागरिकत्वासाठीच्या सलग वास्तव्यावर प्रश्न उभा राहतो.