को-रिस्पॉन्डंट शूज : हे नाव वापरताना या चुका टाळा

पांढऱ्या चामड्याचा बूट, बोटांवरचा आणि टाचेमागचा भाग मात्र तपकिरी किंवा काळा, आणि जोडांच्या कडेने बारीक छिद्रांची नक्षी, असे पादत्राण १९२० आणि १९३०च्या दशकांतल्या इंग्लंड-अमेरिकेच्या छायाचित्रांत वारंवार दिसते. अमेरिकेत त्याला स्पेक्टेटर म्हणतात, तर इंग्लंडमध्ये को-रिस्पॉन्डंट. मराठीत त्या काळाविषयी लिहिताना किंवा तेव्हाची इंग्रजी कथा अनुवादित करताना या दुसऱ्या नावापाशी हमखास घसरगुंडी होते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे हे नाव 'करस्पॉन्डंट' असे वाचणे आणि त्यावरून 'वार्ताहराचे बूट' किंवा 'बातमीदारांचे बूट' असा अनुवाद करणे. रोमन लिपीत या दोन शब्दांमध्ये एका 'आर'चा आणि एका संयोगचिन्हाचा काय तो फरक आहे, त्यामुळे घाईत वाचणारा फसतो. देवनागरीत मात्र आपल्याला उच्चारच लिहावा लागतो. म्हणून 'को-रिस्पॉन्डंट' हा शब्द संयोगचिन्हासह लिहिण्याचा नेम ठेवला, तर निदान लेखकाच्या हातून तरी हा गोंधळ होणार नाही.

या बुटांचा वार्ताहराशी काहीही संबंध नाही; त्यांचे नाव न्यायालयातून आले आहे. इंग्लंडमध्ये १८५७च्या विवाहविषयक कायद्यानुसार, पत्नीच्या व्यभिचाराचे कारण देऊन पतीने घटस्फोट मागितला, तर ज्या परपुरुषाशी तिचे संबंध असल्याचा आरोप असे, त्यालाही सामान्यतः खटल्यात पक्षकार करावे लागे. पत्नी ती प्रतिवादी आणि तो पुरुष सहप्रतिवादी, म्हणजेच को-रिस्पॉन्डंट. पती त्याच्याकडून नुकसानभरपाईसुद्धा मागू शकत असे. रंगांच्या भडक विरोधामुळे हे बूट सभ्य गृहस्थाला न शोभणारे, परक्याच्या संसारात लुडबुड करणाऱ्या छानछोकी माणसाच्या पायात शोभणारे ठरले आणि त्यांना हे नाव चिकटले. शिवाय बुटाच्या पुढच्या आणि मागच्या भागांचे रंग परस्परांशी जुळतात, ती जुळणी सांगणाऱ्या 'करस्पॉन्ड' या इंग्रजी शब्दाशी या नावाचा ध्वनी मिळतो, अशी कोटीही त्यात आहे. ही कोटी मराठीत आणता येत नाही, हे मान्य करून नावामागचा टोमणा मात्र वाचवावा.

दुसरी चूक त्याच कायद्याच्या अपुऱ्या माहितीतून होते. 'घटस्फोटाला कारण झालेली तिसरी व्यक्ती' एवढाच अर्थ घेऊन काही जण हा शब्द स्त्रीलाही लावतात, पण जुन्या इंग्रजी कायद्यात को-रिस्पॉन्डंट हा पुरुष असे. इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड दुरंगी बूट वापरत असे म्हणून हे नाव त्याच्या आणि वॉलिस सिम्पसन या विवाहित अमेरिकी स्त्रीच्या प्रेमप्रकरणाशी जोडण्याचा मोहही टाळावा. १९३६ साली इप्सविच येथे चाललेल्या खटल्यात घटस्फोटाचा अर्ज वॉलिस यांचाच होता, व्यभिचाराचा आरोप त्यांच्या पतीवर होता, आणि त्यामुळे राजा त्या खटल्यात सहप्रतिवादी नव्हता. हा कायदेशीर शब्द आपल्या देशातही परका नाही. भारतातील ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९च्या घटस्फोट कायद्याच्या कलम ११ मध्ये तो त्याच अर्थाने आला आणि २००१च्या दुरुस्तीनंतरच त्यात स्त्रीचाही समावेश झाला.

'स्पेक्टेटर' या नावात असा डंख नाही. खेळांचे सामने पाहायला जाणाऱ्या हौशी मंडळींच्या पोशाखाशी ते जोडले जाते. म्हणून शिकागोतल्या पात्राच्या तोंडी 'को-रिस्पॉन्डंट' घालू नये आणि लंडनच्या क्लबमधल्या वयस्कर गृहस्थाच्या नापसंतीला 'स्पेक्टेटर' हा शब्द पुरेल असे समजू नये. 'प्रेक्षक बूट' हे भाषांतर तर मराठीत काहीच सांगत नाही. लंडनच्या जॉन लॉब या बूट बनवणाऱ्या पेढीने १८६८ साली क्रिकेटसाठी पहिला असा बूट घडवला, असे सांगितले जाते. ते लिहायचे असेल तर पेढीचा दावा म्हणूनच लिहावे.

दिसायला जवळचे म्हणून सॅडल शूजना हे नाव देणेही चूक आहे. सॅडल शूजमध्ये गडद पट्टा पायाच्या मध्यावर, नाड्यांच्या जागी, खोगिरासारखा बसतो आणि बोटांकडचा भाग फिकाच राहतो. स्पेक्टेटरमध्ये गडद रंग मुख्यतः दोन टोकांना असतो. ब्रोग म्हणजे तर छिद्रांची नक्षी असलेला कोणताही बूट, त्यामुळे एकाच रंगाचा ब्रोग स्पेक्टेटर ठरत नाही.

मग मराठीत म्हणायचे काय? 'दुरंगी बूट' हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण आपल्याकडे 'दुरंगी' म्हणजे दोन रंगांचा आणि दुटप्पीही. को-रिस्पॉन्डंटमधला संशयाचा वास या एका शब्दात बराचसा उतरतो. तो पुरेसा न वाटल्यास अनुवादकाने पहिल्या उल्लेखात 'घटस्फोटाच्या खटल्यांतल्या प्रियकरांवरून नाव पडलेले ते दुरंगी बूट' असे वाक्यातच सांगावे आणि पुढे नुसते 'दुरंगी बूट' लिहावे. शाळकरी मुलींच्या सॅडल शूजसाठी मात्र 'दुरंगी' नको. तिथे 'दोन रंगांचे बूट' एवढेच लिहावे.