वस्तीतलं एचपीव्ही शिबिर: स्वॅब वाटण्याआधीची तयारी

एचपीव्ही म्हणजे गर्भाशयाच्या (पिशवीच्या) तोंडाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू. तो आहे का ते तपासायला शिबिरात बाई स्वॅबने, म्हणजे मऊ टोकाच्या काडीने, योनीतला नमुना स्वतःच घेते. शिबिराची वेळ नळाच्या वेळेवर ठरते. पाणी भरून, डबे रवाना करून बायका मोकळ्या होतात ती दुपार, साधारण १२ ते ३. रविवारी घरात सगळे असतात, तो नको. जागा बालवाडीची खोली: आतून कडी, पडदा, बादलीभर पाणी, साबण, कोरडा रुमाल. सार्वजनिक शौचालयात ओल्या लादीवर स्वॅब पडला की गेलाच. म्हणून ४० जणींना ४५ किट, तीही मुदत तपासून.

लॅबला आधीच विचारा: स्वतः घेतलेला नमुना चालतो ना, आणि चाचणी पीसीआरची (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) आहे ना? स्वॅब कोरडा पाठवायचा की द्रवात, तेही.

नावं ३० वर्षांपुढची घ्या. गरोदर बाई आणि पिशवी तोंडासकट काढलेली बाई यात नाही. संबंधानंतर रक्त दिसतं किंवा पाळी गेल्यावर पुन्हा लाल जातं, तिला स्वॅब देऊन थांबवू नका, थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवा. पाळी चालू असेल तर पुढची तारीख द्या. आधीचे दोन दिवस संबंध नको, आत ठेवायची गोळी किंवा मलम नको, आतून धुणंही नको.

कृती बोलून नाही, स्वॅब हातात धरून दाखवा. हात धुऊन कोरडे करायचे, टोकाला बोट लावायचं नाही. मधल्या बोटाच्या दोन पेरांएवढा, म्हणजे सुमारे ५ सेंटिमीटर आत, २० सेकंद गोल फिरवायचा. पिशवीच्या तोंडापर्यंत पोचायची गरज नसते. हे सांगितलं की निम्मी भीती जाते. मग ट्यूबमध्ये, झाकण घट्ट. द्रव सांडला तर त्यात पाणी घालू नका, नवं किट द्या.

खरा घोळ लेबलवर होतो. एका चाळीत तीन सुनीता निघतात, आणि पावसात बॉलपेन पसरतं. पक्क्या मार्करने नाव, वय, यादीतला क्रमांक लिहा. ट्यूब हातात देण्याआधी, नंतर नाही. मोबाईल नंबर तिचाच हवा. नवऱ्याच्या फोनवर ‘पॉझिटिव्ह’ गेलं तर घरात काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, एवढं आधीच सांगून ठेवा. याच नमुन्यावर पॅप (पिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) होत नाही. पॉझिटिव्ह आलेल्या बाईला पिशवीचं तोंड प्रत्यक्ष तपासून घ्यावंच लागतं. त्यासाठी रुग्णालयातला वार आणि सोबत जाणारी ताई शिबिराआधीच ठरवा. ते जमलं नसेल तर शिबिर पुढे ढकला.