फुप्फुस बदललेल्या पेशंटला गाठ आली तर: टीबीच्या गोळ्यांआधी काय करायचं

ऑपरेशन चेन्नई-हैदराबादला झालेलं असतं, ताप मात्र नागपुरात येतो. संध्याकाळची कणकण, रात्री घाम, उतरलेलं वजन, मानेत गाठ. धंतोलीतल्या डॉक्टरांना आधी टीबीच आठवणार, आणि एरवी ते चूकही नाही. पण प्रत्यारोपण झालेल्या माणसात हेच चित्र लिम्फोमाचं, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरचं असू शकतं; प्रत्यारोपणानंतर होणाऱ्या या आजाराला ‘पीटीएलडी’ म्हणतात. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांमुळे टी-पेशींचा वचक जातो आणि एपस्टाइन-बार विषाणू (ईबीव्ही) शिरलेल्या बी-पेशी मोकाट वाढतात. पहिलं वर्ष जास्त धोक्याचं. डिस्चार्जच्या फाइलमध्ये ईबीव्हीसाठी ‘डोनर पॉझिटिव्ह, रेसिपियंट निगेटिव्ह’ (फुप्फुस देणाऱ्याला हा विषाणू होऊन गेलेला, घेणाऱ्याला नाही) असं लिहिलं असेल तर आणखी सावध राहा. सुरुवातीच्या काळात हा आजार बऱ्याचदा नव्या फुप्फुसातच दिसतो. पुढे आतड्यातही, म्हणून पोटदुखी किंवा काळी शी अंगावर काढू नका.

अंदाजाने टीबीचा कोर्स सुरू करू देऊ नका. त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे रक्तातली टॅक्रोलिमसची (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीची) पातळी काही दिवसांतच कोसळते आणि शरीर फुप्फुस नाकारू लागतं. टीबी पक्का ठरलाच तर औषधं प्रत्यारोपणाच्या टीमला विचारूनच ठरवायची.

सुईची तपासणी पुरत नाही. शक्य असेल तर गाठ अख्खी काढायला सांगा. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो: पूर्ण गाठ फॉर्मलिनच्या डबीत पडते. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग टीबीचं कल्चर होत नाही. म्हणून ऑपरेशनआधीच सर्जनशी बोलून तीन भाग ठरवा: एक फॉर्मलिनमध्ये, एक निर्जंतुक सलाइनमध्ये कल्चर आणि जीनएक्सपर्टसाठी (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी), एक ताजा फ्लो सायटोमेट्रीसाठी (पेशींचे प्रकार ओळखणारी तपासणी). पॅथॉलॉजिस्टकडून ‘ईबर’ (गाठीच्या पेशींत ईबीव्ही आहे का) आणि सीडी२० (बी-पेशींवरची खूण) या तपासण्या हव्यातच. रक्तातला ईबीव्ही निगेटिव्ह आला म्हणून निश्चिंत होऊ नका. उशिरा होणाऱ्या पीटीएलडीत तो बऱ्याचदा सापडत नाही. आजार शरीरात कुठवर पसरलाय ते कळायला पेट-सीटी स्कॅन.

पीटीएलडी ठरला तर उपचाराची पहिली पायरी म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कमी करणं. ती टीमच करणार. घरी एकही गोळी स्वतःहून कमी करायची नाही. या काळात रोज घरच्या स्पायरोमीटरवर फुंकून आकडा वहीत लिहा. एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात जोरात फुंकलेली हवा) नेहमीपेक्षा १० टक्क्यांनी उतरला तर त्याच दिवशी फोन. गोळ्या कमी करून भागलं नाही आणि सीडी२० पॉझिटिव्ह असेल तर रिटुक्सिमॅब (सीडी२० असलेल्या बी-पेशी मारणारं इंजेक्शन): शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ३७५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, ४ आठवडे. त्याआधी हिपॅटायटिस बीच्या एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या दोन्ही तपासण्या हव्यात, कारण दबलेली कावीळ उसळू शकते.

टॅक्रोलिमसच्या पातळीचं रक्त सकाळच्या गोळीआधी, रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. गोळी घेऊन लॅबच्या रांगेत बसलात तर आकडा फुगलेला येईल. संत्री खुशाल खा, पपनस मात्र नको: त्याने पातळी खरोखरच चढते.